मिस नेव्हा आणि श्वासाचं चित्र

मिस नेव्हा स्टिडम यांनी मिठी मारली की त्यांचा उजवा हात आपोआप समोरच्याच्या पाठीवर जायचा, पंजा ओंजळीसारखा खोलगट व्हायचा आणि धप् धप् सुरू व्हायचं. समोर चर्चमधलं तान्हं मूल असो, नवा पाद्री असो की त्यांच्या गाडीचं टायर बदलून देणारा परका माणूस असो. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्याही पाठीवर थापट्या दिल्या, कान जवळ आणला आणि म्हणाल्या, "उजवीकडे कफ साठलाय रे तुझ्या. गरम पाणी पीत जा." मला कफबिफ काही नव्हता. तरी घरी जाऊन मी संध्याकाळभर उगाच खाकरत बसलो आणि बायकोची बोलणी खाल्ली.

मी ड्वेन सायझमोर. सिनसिनाटीतल्या एका मुलांच्या इस्पितळात तळमजल्यावर गॅस तयार करतो. पाटीवर माझ्या हुद्द्याचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण मुलं मला पिशवीवाला म्हणतात आणि तेच खरं आहे. गॅसची पिशवी मी भरतो आणि मशीनच्या खोलीपर्यंत मीच नेतो. लोक विचारतात, फुप्फुसाचं चित्र काढायला एवढा खटाटोप कशाला, एमआरआयचं मशीन आहे ना? असं विचारणाऱ्यांचा मला राग येतो, आणि राग आला की मी फार नीट समजावून सांगतो. ते मशीन पाण्याचं मशीन आहे. अंगात जिथे पाणी आहे तिथलं ते बघतं. फुप्फुसात काय असतं? हवा. म्हणजे मशीनच्या लेखी तिथे काहीच नाही, छातीत दोन काळी भोकं. एक्स-रे काढला तर सावल्या दिसतात, पण हवा कुठवर पोचली ते कळत नाही. म्हणून मुलाला झेनॉन नावाच्या गॅसचा एक श्वास द्यायचा आणि तो धरून ठेवायला सांगायचं. गॅस जिथे जिथे पोचला तिथे चित्र उजळतं. जिथे वाट बंद आहे तिथे काळोख राहतो.

मात्र हा गॅस आधी जागा करावा लागतो. लेझरचा उजेड पाजून मी त्याला जागवतो, आणि पिशवीत भरला की तो लगेच पेंगायला लागतो. झोपला की संपलं, चित्र येत नाही. म्हणून मी पिशवी घेऊन निघालो की वाटेत मला कुणी काही विचारू नये. एकदा आमच्या सगळ्यात मोठ्या साहेबांना मी "बाजूला व्हा" म्हणून ओरडलो होतो. ते झाले.

मिस नेव्हांशी (आमच्याकडे थोरल्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात) माझी ओळख झाली ती मशीनच्या खोलीबाहेरच्या बाकावर. त्यांनी माझ्या खिशावरचं आडनाव वाचलं आणि केंटकीच्या डोंगरातली बाई पहिल्यांदा जे विचारते तेच विचारलं.

"सायझमोर? कुणाचा रे तू? कुठल्या खोऱ्यातला?"

"माझा जन्म इथलाच, मिस नेव्हा. आजोबा केंटकीहून आले, कारखान्यात."

"आजोबा कुणाचे?"

मी सांगितलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि मला माझ्या आजोबांच्या चुलतभावाची सगळी भानगड सांगितली, जी आमच्या घरात आजवर कुणी तोंडातून काढली नव्हती. त्यानंतर मी त्यांचा माणूस झालो. त्या आल्या की माझ्यासाठी तळलेल्या सफरचंदाच्या करंज्या असायच्या, आणि करंजीमागून एक थापटी.

आता ती थापटी कुठून आली ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

नेव्हांचा धाकटा भाऊ लोनी जन्मापासून आजारी होता. ज्यात मुलांच्या घामात जास्त मीठ असतं आणि फुप्फुसात चिकट कफ साचत राहतो, तो आजार. कपाळाची पापी घेतली की जीभ खारट होते. आमच्या डोंगरात अशा पोरांबद्दल जुनी माणसं हळू आवाजात बोलत. तेव्हा औषध असं काही नव्हतंच. मुलाला वाफेच्या तंबूत झोपवायचं आणि सकाळ-संध्याकाळ पालथं घालून, डोकं खाली करून, पाठ थापटायची, की कफ सुटून बाहेर यावा. आईचा हात भरून यायचा तेव्हा नेव्हा थापटायच्या. त्या स्वतःच तेव्हा एवढीशी पोर होत्या. हात कसा धरायचा, सपाट पडला तर चापट लागते, खोलगट ठेवला तर आत हवा घुमते, हे त्या पाढ्यांआधी शिकल्या. लोनी नऊ वर्षांचा होऊन गेला. गेला तेव्हा त्याची पाठ नेव्हांच्याच हाताखाली होती, आणि तो गेलाय हे आईने सांगितल्यावरही त्यांचा हात थांबेना. हे त्यांनी मला करंजी खाता खाता सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं.

मग त्यांनी लग्न केलं, शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली, हजारो पोरांना घेवडा आणि मक्याची भाकरी वाढली, नवरा पुरला. आणि एक दिवस त्यांची मुलगी बाळंत झाली. नेव्हांनी नातीला उचललं, कपाळाची पापी घेतली, आणि बाळ पुन्हा आईच्या कुशीत ठेवून त्या खाली बसल्या. तपासणीचा निकाल नंतर आला. नातीची आई दोन वर्षांनी फ्लोरिडाला निघून गेली, ती वाढदिवसाला फोन करते. बापाबद्दल विचारायचं नाही असा त्या घरात नियम आहे. नात राहिली मॅमॉकडे. आमच्याकडे आजीला मॅमॉ म्हणतात.

त्या नातीचं नाव रेलिन. आता बारा वर्षांची आहे, हडकुळी, तोंडाळ, आणि ट्रॉम्बोन वाजवते. होय, ट्रॉम्बोन, तो नळी पुढेमागे सरकवत वाजवायचा लांब पितळी भोंगा. वाजवायला बासरी होती, व्हायोलिन होतं, पण या पोरीने असं वाद्य निवडलं ज्याला सगळी छाती लागते. मॅमॉ म्हणायच्या, "मुद्दाम! मला जाळायला मुद्दाम!"

काही वर्षांपूर्वी त्या आजारावर नव्या गोळ्या आल्या. रेलिनने त्या घ्यायला सुरुवात केली आणि चित्रच पालटलं. खोकला थांबला, अंगावर थोडं मांस आलं. फुंकायच्या परीक्षेत, म्हणजे नळीत जीव खाऊन फुंकतात आणि आकडा येतो त्या परीक्षेत, तिचा आकडा निरोगी पोरांसारखा यायला लागला. तरी मॅमॉ सकाळ-संध्याकाळ तिला पलंगावर पालथी घालून थापटतच होत्या. छाती गदगदा हलवणारं यंत्राचं जॅकेट इस्पितळाने कधीच दिलं होतं. ते कपाटात पडून होतं. "मशीनला काय कळतंय आतलं?" मॅमॉ म्हणत. "हाताला कळतं."

भांडण पेटलं ते कॅम्पवरून. उत्तरेला तळ्याकाठी उन्हाळ्यात वाद्यं वाजवणाऱ्या पोरांचा कॅम्प भरतो, चांगला महिनाभर. रेलिनची निवड झाली. मॅमॉ म्हणाल्या, थापटणार कोण? रेलिन म्हणाली, थापटायची गरजच नाही. त्यांचं हे भांडण मी स्वतः ऐकलंय, आमच्याच बाकावर.

"अख्ख्या वर्गात मी एकटी आहे जिला आजी रोज बडवते!"

"बडवते? बडवते म्हणे! अगं, थापटलं नाही तर काय होतं ते तुला माहीत तरी आहे का?"

"मला लोनी नको सांगूस, मॅमॉ. मी लोनी नाहीये."

माझ्या हातातली करंजी मी खिशात घातली, कारण अशा वेळी चावल्याचा आवाज फार मोठा होतो.

मार्ग काढला डॉक्टर नीहॉफ यांनी. शांत, उंच माणूस, बोलण्याआधी खाली बसणारा. ते म्हणाले, फुंकण्याच्या आकड्यात छोटी बिघाडाची जागा लपून राहते, बाकीचं फुप्फुस तिचं काम करून टाकतं. म्हणजे आजी म्हणतात तसं आत काही असूही शकेल, किंवा नात म्हणते तसं काही नसेलही. आपण गॅसचं चित्र काढून बघू. रेलिनने तिथल्या तिथे पैज लावली. चित्र स्वच्छ आलं तर ती कॅम्पला जाणार आणि थापटणं कायमचं बंद. कुठे काळं दिसलं तर कॅम्प रद्द, आणि ती पुन्हा तक्रार करणार नाही. आजी-नातीने हात मिळवले. डॉक्टर म्हणाले, "अहो, औषधोपचार असे पैजेवर ठरत नसतात." पण त्यांचं ऐकायला तिथे कुणी मोकळं नव्हतं.

चित्राच्या दिवशी मिस नेव्हा आल्या त्या अंगातलं रक्त कुणी काढून घेतल्यासारख्या. माझ्यासाठी काही आणलं नव्हतं. मिठी नाही, थापटी नाही. मीच विचारलं, "काय मिस नेव्हा, माझा कफ कसाय?" त्या म्हणाल्या, "हं? हो."

मशीन चालवते आमची डॅनेट. जाडजूड, प्रेमळ आणि अखंड बोलणारी. तिने रेलिनला साध्या हवेच्या पिशवीवर सराव दिला. नाकाला चिमटा, तोंडात नळी. "आत घे, सोड. आत घे, सोड. आता पिशवीतलं सगळं आत, सगळं सगळं, आणि धर!" रेलिनने धरला. नीट धरला. डॅनेटने टाळी वाजवली. "हुशार आहे गं बाई! गॅस आत गेला की जरा गरगरेल, बोटांना मुंग्या येतील, आवाज अस्वलासारखा होईल. घाबरायचं नाही."

मग तिला मशीनमध्ये झोपवलं, छातीला चित्र टिपणारं जाळीचं जॅकेट बांधलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. मी गॅस जागवला, पिशवी भरली आणि निघालो. काचेपलीकडे मिस नेव्हा उभ्या होत्या. दोन्ही हात काचेवर टेकवलेले.

डॅनेटला एक सवय आहे, आणि ती सवय चांगली आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो. आतल्या मुलाला एकटं वाटू नये म्हणून ती श्वास धरल्यावर मोठ्याने आकडे म्हणते. तिच्या त्या आकड्यांवर शेकडो पोरांनी श्वास धरला आहे. सरावाच्या वेळी मात्र ती कौतुकाच्या भरात आकडे म्हणायला विसरली होती.

रेलिनने पिशवीतलं सगळं आत घेतलं. मशीन खडखडायला लागलं.

"एक," डॅनेट म्हणाली. "दोन. तीन."

आणि "हाऽऽऽ" करून रेलिनने सगळा श्वास बाहेर टाकला. आरशावर वाफ सोडावी तसा, पण पोटापासून, जोरात.

पडद्यावर करड्या धुरळ्याशिवाय काही आलं नाही.

मी डॅनेटवर ओरडलो, डॅनेट माझ्यावर ओरडली. मला वाटलं पोर घाबरली असेल. तेवढ्यात मशीनमधून अस्वलासारखा जाडा आवाज आला, "सॉरी. मी मुद्दाम नाही केलं." एरवी तो आवाज ऐकून मुलंही हसतात आणि आम्हीही हसतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

काय झालं ते मिस नेव्हांनीच सांगितलं. "तीन म्हटलंत तुम्ही." थापटून झालं की कफ बाहेर काढायची एक रीत असते. मोठा श्वास घ्यायचा, तीनपर्यंत धरायचा आणि "हाऽऽ" करून फेकायचा. रेलिन चालायला शिकली तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ मॅमॉ तिच्या पाठीशी बसून म्हणत आल्या होत्या, एक, दोन, तीन, हाऽऽ. दुसऱ्या कुठल्या पोराने हा घोळ घातला नसता. मॅमॉच्या हाताखाली वाढलेल्या या पोरीच्या छातीत तीन हा आकडा कोरलेलाच होता.

"बिचारीची चूक नाही," मिस नेव्हा म्हणाल्या. "माझी शिकवण आहे ती." आणि हे बोलताना त्यांच्या आवाजात एक बारीकसा तोरा होता. तो तेव्हा माझ्या ध्यानात आला, पण त्याचा अर्थ लागला नाही.

दुसरी पिशवी तयार व्हायला वेळ लागतो. त्या दिवशी गॅस एवढाच होता की ती शेवटचीच असणार होती. गॅस जागवायला लावून मी बाहेर आलो. मिस नेव्हा बाकावर बसल्या होत्या, हात मांड्यांखाली दाबून.

"होईल सगळं नीट," मी म्हणालो.

"नीट म्हणजे?"

"म्हणजे चित्र स्वच्छ येईल."

"हो ना," त्या म्हणाल्या. "स्वच्छ यावं. देवा, स्वच्छ येऊ दे." मग त्या माझ्याकडे वळल्या. "ड्वेन, स्वच्छ आलं तर मग ते स्वच्छच आहे असं समजायचं का? तुझा गॅस कधी चुकतो का रे?"

"गॅस खोटं बोलत नाही. पण फार बारीक असेल तर सुटूही शकतं."

"सुटू शकतं ना?" त्यांनी माझा हात धरला. "बघ. मी तेच म्हणते. सुटू शकतं."

त्यांचा जीव टांगणीला लागला होता हे मला दिसत होतं, पण नेमका कशासाठी ते मला कळेना. पोरीला काही निघेल याची भीती होतीच. तिच्याखाली आणखी एक भीती होती, आणि ती त्यांना स्वतःलाही धड दिसत नसावी. मला त्यांची कीव आली आणि त्यांचा रागही आला. एवढं धडधाकट झालेलं पोर, अजून कशाला त्याच्या पाठीवर बसायचं? हे मी बोललो नाही. बोलायला हवं होतं की नको, अजून कळत नाही.

आत रेलिन रडत होती. डॅनेट तिला म्हणत होती, की या वेळी मी आकडे म्हणतच नाही. पण रेलिन म्हणाली, "तू नाही म्हटलेस तरी माझ्या डोक्यात होतातच. आपोआप. तीन झाले की जातं ते."

मिस नेव्हा उठल्या. "मला आत जाऊ दे."

आत लोखंडाचा कण चालत नाही. त्यांनी केसांतल्या पिना काढल्या, घड्याळ काढलं, चष्मा काढला. आतल्या कपड्यांतली तार निघाली तेव्हा डॅनेटने मला भिंतीकडे तोंड करायला लावलं. लग्नाची अंगठी बोटात रुतली होती. सोन्याची आहे, चालते, असं डॅनेट म्हणाली. मोकळ्या केसांनी, कागदी झग्यात, चष्म्याविना मिस नेव्हा एकदम लहान दिसायला लागल्या. मशीनच्या तोंडाशी रेलिनचे पाय बाहेर होते. ते त्यांनी धरले.

"रेलिन, ऐक. आपण गाडीत आहोत."

"काय?"

"गाडीत गं. घरी चाललोय. पूल ओलांडला, चर्च गेलं, आता वळण. वळणावर काय येतं?"

"दफनभूमी," रेलिन म्हणाली.

आमच्याकडची पोरं दफनभूमीवरून जाताना श्वास रोखून धरतात. का, ते विचारू नका. मीही धरायचो, माझी आई तेवढ्यात मुद्दाम गाडी हळू करायची. मिस नेव्हांच्या खोऱ्यात वळणावर जी दफनभूमी आहे तिथेच लोनी आहे, आणि रेलिन पहिल्या दगडापासून पार पलीकडच्या फाटकापर्यंत श्वास सोडत नाही.

"तिथे कधी आकडे मोजलेस?"

"नाही. तिथे मी दगड बघते."

"मग दगड बघ. मी गाडी चालवते."

मी पिशवी आणली. रेलिनने नळी तोंडात धरली. आत, बाहेर. आत, बाहेर. मग पिशवी चपटी होईपर्यंत सगळं आत. मशीन खडखडायला लागलं. डॅनेटने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. त्या खडखडाटात काही ऐकू जाणं शक्य नव्हतं, तरी मिस नेव्हांचे ओठ हलत होते. त्या नातीचे पाय धरून तिला एकेका दगडापुढून नेत होत्या. मी श्वास रोखला आहे हे मला माझी छाती दुखायला लागली तेव्हा कळलं.

खडखडाट थांबला. "सोड!" डॅनेट किंचाळली. "सोड गं बाळा, सोड!"

"फाटक," अस्वलाच्या आवाजात रेलिन म्हणाली.

डॉक्टर नीहॉफ खाली आले. पक्का अहवाल नंतर येतो, पण रेलिन हटून बसली की तिला आत्ताच बघायचंय, आणि डॉक्टरांनी तिचं मन मोडलं नाही. छोट्याशा खोलीत पडद्यापुढे आजी-नात बसल्या. मी रिकाम्या पिशव्या घेऊन दारातच उभा राहिलो. माझं तिथे काही काम नव्हतं.

फुप्फुसं उजळली होती. डावं तर दुधासारखं. उजवंही खालपासून वर चांगलं पांढरं येत गेलेलं, आणि वर, खांद्याजवळ, कुणी अंगठ्याने पुसल्यासारखी एक काळी जागा.

"हे बघ," डॉक्टर म्हणाले, "इथे वरती हवा पोचत नाहीये. जागा छोटी आहे. पण आहे."

रेलिनचा चेहरा पडला. मला तिच्याकडे बघवेना म्हणून मी मिस नेव्हांकडे बघितलं, आणि तेही बघायला नको होतं. त्यांचा चेहरा खुलला होता. सकाळपासूनचा सगळा ताण उतरला होता, ओठांचे कोपरे वर गेले होते. फार फार तर एक श्वास टिकलं असेल ते. पण नेमकं तेव्हाच रेलिन आधारासाठी आजीकडे वळली.

"मॅमॉ," ती म्हणाली, "तू हसलीस."

"नाही गं."

"हसलीस. मला काळं दिसलं आणि तू हसलीस."

डॉक्टरांनी मान खाली घातली. मिस नेव्हांनी तोंडावर हात ठेवला, जणू ते हसू अजून तिथे असेल आणि झाकता येईल. मग त्यांनी हात काढला.

"हसले," त्या म्हणाल्या. "देवा रे. हसले मी."

मिस नेव्हांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली, डोळे बारीक केले आणि त्या पांढऱ्या भागावर बोट ठेवलं.

"डॉक्टर, एवढं सगळं उजळलंय, ते थापटून झालं का?"

"थापटल्याने असेल. गोळ्यांनी असेल. दोन्हीमुळे असेल. हवा कुठे जाते तेवढं चित्र सांगतं, मिसेस स्टिडम. ती कुणामुळे जाते ते सांगत नाही."

"आणि हे काळं? तिथे तर मी सगळ्यात जास्त थापटते. रोज. तिथूनच सुरुवात करते."

"तेही चित्र सांगत नाही."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "तुमची पोर असती तर कॅम्पला पाठवली असती?"

डॉक्टर नेहमीप्रमाणे आधी खाली बसले. "पाठवली असती. कफ मोकळा करायचं फुंकायचं यंत्र बरोबर दिलं असतं, तळहाताएवढं असतं ते, तिचं तिने रोज दोनदा करायचं. एक औषध वाढवलं असतं. परत आल्यावर पुन्हा चित्र काढलं असतं. इथे थांबून ही जागा लवकर उजळेल असं मी सांगू शकत नाही. तिथे जाऊन ती वाढणारच नाही, असंही सांगू शकत नाही."

"पण पैज तू जिंकलीस," रेलिन म्हणाली. तिचा आवाज आता तिचा स्वतःचा होता, आणि त्यात एकही अश्रू नव्हता. "काळं निघालं. मी तक्रार करणार नाही. मी बोलले होते तसं."

"जिंकले, म्हणूनच सांगते. जा तू."

"काय?"

"जा म्हणते ना! पोरीच्या छातीत काळं दिसल्यावर जिच्या जिवाला बरं वाटतं, तिनं असलं काही ठरवायचं नसतं. डॉक्टर ठरवतील. तू ठरव. मला विचारू नका."

रेलिन जागची हलली नाही. तिने आजीला मिठी मारली नाही, मारावी असं मलाही वाटलं नाही. ती आजीच्या हातांकडे बघत होती. ते हात मांडीवर उताणे पडले होते, दोन्ही पंजे खोलगट.

"मी गेल्यावर तू काय करशील?" तिने विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं.

मिस नेव्हांनी नाक ओढलं. "घाबरत बसेन. दुसरं काय? ते मला घरी बसूनही जमतं. तू जा."